ऑडिटरची टेप

न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटवरच्या हजेरीचा बॅकअप रोज टेपेवर घेतला जायचा. त्याच त्या टेपा वर्षानुवर्षं फिरून झिजल्या होत्या, त्यात खाडीची खारी हवा. बॅकअप घेणाऱ्या दिपेशने नव्या मागितल्या की यार्डाचे मालक अल्पेशशेठ म्हणायचे, "टेप काय दूध आहे, नासायला?"

एक टेप मात्र शेठनी करकरीत नवी आणून दिली होती, खास ऑडिटरसाठी. दर वर्षी दिपेश तीच मशीनमध्ये घालायचा, ती झरझर वाचली जायची, आणि तो सांगायचा, "बाकीच्याही अशाच आहेत, साहेब." साहेब चहा पिऊन खूश होऊन जायचे.

यंदा यार्डातच कामाला असलेल्या दिपेशच्या वडिलांचा, धर्माचा, पाय कंटेनरखाली गेला आणि सरकारी चौकशी लागली. शेठ म्हणाले, "तो त्या दिवशी कामावर नव्हताच. मागच्या बाजूने घुसला." गेटवरचा कॉम्प्युटर तोवर बंद पडला होता, हजेरी उरली होती ती फक्त टेपेवर.

"बाला, तुजे टेपेवर हाय ना माजा नाव?" कुबडी सावरत धर्माने चौकशीच्या खोलीच्या दारात विचारलं.

"हाय, बाबा."

चौकशी अधिकाऱ्यांसमोर मशीनमध्ये टेप अडखळत फिरली. अर्धी नावं आली, धर्माचं काही आलं नाही.

"साहेब, टेप झिजलीय!" दिपेश कळवळून म्हणाला.

शेठ गालातल्या गालात हसले आणि अधिकाऱ्यांकडे वळले.



"मग साहेब, सगळ्या टेपा ठणठणीत आहेत असं दर वर्षी ऑडिटरला कोण सांगतं, ते जरा त्यालाच विचारा. बापासमोर."