दुप्पट मोठे कण

तीन आठवडे शोधूनही आरेतीला चूक सापडली नव्हती. पाच वाजता व्हिएन्नाहून फोन येणार होता, आणि सांगायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

वसंतात दूरच्या एका दीर्घिकेत तारा फुटला, तोही नेमका धुळीच्या पट्ट्यामागे. धुळीतून येताना लाल प्रकाश किती अडतो आणि निळा किती, यावरून कणांचा आकार कळतो. क्रीटच्या डोंगरावरच्या या दुर्बिणीतून आरेतीने लाल प्रकाश गुरुवारी मोजला, निळा शनिवारी. ज्याच्याशी ताडून बघायचं तो मापाचा तारा मात्र तिने गुरुवारी एकदाच घेतला. आरसा तोच, पुन्हा कशाला वेळ घालवा? उत्तर आलं, तिथले कण आपल्याकडच्यांच्या दुप्पट मोठे! शोधनिबंध गाजला. चौतिसाव्या वर्षी व्हिएन्नाच्या विद्यापीठात पहिली कायमची नोकरी चालून आली.

मग इतर तीन दुर्बिणींची मापं आली. कण नेहमीएवढेच. तारा तोवर विझला होता, पुन्हा मोजायची सोयच नव्हती. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दोष यंत्रणेचा असेल तर जागा तुझीच, तुझा असेल तर नाइलाज आहे.

मानूसोस बशी घेऊन आत आला. एकतीस वर्षं तो इथला आरसा सांभाळत होता. सप्टेंबरात निवृत्त व्हायचा होता.

"खा आधी. बायकोने चीज भरून पाव केलेत. तोंड बघ, चाळीस दिवस उपास केल्यासारखं झालंय."

"काका, कुठे चुकलं तेच कळत नाहीये हो."

"तू कसली चुकतेस! आणि आरशाला बोल लावू नकोस. मी जातीने धुतला होता."

"कधी?"

मानूसोसने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "गुड फ्रायडेला. आठवडाभर आफ्रिकेचा वारा, आरशावर लाल धुळीचा थर. म्हटलं, पोरीला असा तारा मिळालाय आणि तिने मळक्या आरशातून बघायचं? पण त्या दिवशी आपल्यात कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. नोंदवहीत लिहिलं असतं तर गावभर झालं असतं. म्हणून नाही लिहिलं."

तिच्या गुरुवार आणि शनिवारच्या मधलाच तो शुक्रवार. मापाचा तारा मळक्या आरशात, निळा प्रकाश धुतलेल्यात! सहारातली धूळ तिने दीर्घिकेच्या नावावर छापली होती. आणि नोंद न करता आरशाला हात लावणाऱ्याला इथे दुसऱ्या दिवशी घरी बसवत.

"उपयोग झाला ना गं थोडा?" मानूसोसने विचारलं.

"झाला ना, काका. खूप."

तो खुशीत निघून गेला. तिने बशी बाजूला सारली. पाचला फोन वाजला.

"सापडलं का काही? आरशाचं वगैरे?" बाईंचा स्वर आशेचा होता.

"नाही हो," आरेती म्हणाली, "माझंच चुकलं."