मागचा ब्रेक शिवाचा

मिथुनदादाची सायकल अंगणात उलटी केलेली, चाकं आभाळाकडे, आणि हातात पाना घेऊन प्रांजल तिच्यासमोर मांडी ठोकून बसलेली. आज ती सायकल उघडणारच होती. आई मासळीची पाटी घेऊन बाजारात गेली होती. बाबा आत पडून होते. अडवणारं कुणी नव्हतं.

आणि अडवावं तरी का? आता तिला सगळं येत होतं! पंक्चर, चेन, ब्रेक, अगदी बेअरिंगसुद्धा. मोबाइलवर बघून बघून आणि मैत्रिणींच्या सायकली खोलून खोलून ती शिकली होती. दहावीच्या वर्गातल्या निम्म्या सायकली तिच्या हाताखालून गेल्या होत्या. कारण एकच. दुकानात सायकल द्यायची नाही. दुकानाच्या भरवशावर राहिलो म्हणून आपला भाऊ गेला, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दीड वर्षापूर्वी मिथुन कॉलेजला निघाला आणि खांदा कॉलनीकडच्या पुलाच्या उतारावर त्याची सायकल थांबलीच नाही. समोर टँकर होता. आदल्या दिवशीच गल्लीतल्या सायकल दुकानवाल्या शिवाने दोन्ही ब्रेक नवीन बसवून दिले होते. पण दुकानातल्या कामावर बाबांचा कधीच विश्वास नव्हता. संध्याकाळी त्यांनी पुढचा ब्रेक स्वतः पुन्हा खोलला. आवळता आवळता नटाचे आटेच गेले. मग जाळं विणायचा नायलॉनचा दोरा आणून त्यांनी वायर बांधून टाकली. "खाडीच्या भरतीला जी गाठ सुटत नाय, ती काय सायकलला सुटंल?" असं म्हणून हसलेही होते.

मिथुन गेल्यावर ते एकच विचारत राहिले. "माजी गाठ?" चौकीतून सायकल आईने आणली. दारातूनच म्हणाली, "तुमची गाठ हाय तशी हाय. मागचा ब्रेक गेला. शिवाचा." तेव्हा कुठे बाबांच्या घशाखाली पाणी उतरलं. सायकल मग आईने ताडपत्रीत गुंडाळून घरामागे ठेवली. बाबांनी त्या सायकलीकडे पुन्हा पाहिलं नाही. बाकीच्यांनी हात लावायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती.

त्या दिवसापासून आई बाजारातून येताना शिवाच्या दुकानासमोर पाटी उतरवायची आणि कोळीवाड्याला ऐकू जाईल अशा शिव्या घालायची. गल्लीतली गिऱ्हाइकं तुटली. शिवा मान खाली घालून चाक फिरवत बसायचा. उलट शब्द नाही. चोर बोलणार तरी काय, असं प्रांजलला वाटायचं. मागच्या आठवड्यात तर तिनेही तोंड उघडलं. दुकानात चुकून एक गिऱ्हाईक आलेलं, त्याच्यासमोरच म्हणाली, "माझी सायकल मीच दुरुस्त करते, काका. निदान कुणी मरत तरी नाही!"

शिवाने वर पाहिलं. "शीक, बाय," एवढंच म्हणाला. ती मैदान मारल्यासारखी घरी आली होती.

आज तिला त्याची चूक डोळ्यांनी बघायची होती. ती सुधारून दादाची सायकल शाळेत न्यायची होती.

मागचा ब्रेक तिने आधी पाहिला. वायर ताठ. नट घट्ट, पान्यालाही दाद देईना. तिने ब्रेक दाबला. दीड वर्षाच्या गंजातही रबरांनी चाक करकचून धरलं. तिने पुन्हा दाबला. पुन्हा धरलं.

मग ती पुढच्या ब्रेककडे वळली.

दोरा होता. गाठही होती, टोक काडीने जाळून बंद केलेली, बाबांच्या हातची, जशीच्या तशी. फक्त त्या गाठीत वायर नव्हती. ग्रीस लागलेली वायर अलगद सरकून बाहेर आली होती आणि रिकामा फास बाजूला लोंबत होता. पाण्यात आवळत जाणारी गाठ पोलादावरून नुसती घसरली होती. पुलाच्या उतारावर मागचा ब्रेक एकटा पडला होता, आणि तो शेवटपर्यंत चाक धरून होता.

पाना खाली पडला. प्रांजलने मान वर केली तर अंगणाच्या तोंडाशी आई उभी.

"आये, गाठ…"

"गाठ सुटली नाय," आई दबक्या आवाजात म्हणाली. "मी खोटं नाय बोलले."

"तुला माहीत होतं?"

"चौकीतच दिसलं." आईने डोक्यावरची पाटी उतरवली. "तुज्या बाबाला कळलं असतं, तर या घरातून दोघं गेले असते."

"आणि शिवाकाका? आये, त्यांचं दुकान बसलं गं! मी त्यांना काय काय बोलून आले…"

आतून बाबांचा आवाज आला, खोल विहिरीतून यावा तसा. "सुमती? सायकल कोन खोलतंय? माजी गाठ… हाय ना?"

आईने पदराने तोंड पुसलं. छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हाय तशी हाय! हात झडो त्या शिवाचं, माजा लेक खाल्ला मेल्यानं!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग ती प्रांजलच्या कानाशी वाकली.

"पयल्या दिवशी शिवाच्या पाया पडून इचारलं होतं, पोरी, आळ घेशील का म्हनून. तो हो बोलला, तवाच मी तोंड उघडलं."