बाहेरची कडी

भाची पहिल्यांदाच राहायला येणार म्हणून मावशीनं रिकामी खोली हौसेनं सजवली होती. धुतलेले पडदे, फुलाफुलांची चादर, उशीपाशी कापडी ससा. पोरगी मात्र उंबऱ्यातच थबकली. ससा राहिला बाजूला, ती दाराची बाहेरची कडी न्याहाळत होती. "मावशी, ही जेवणाआधी लावतेस की जेवण झाल्यावर?" मावशी घाईनं म्हणाली, "अगं, वाऱ्यानं दार आपटतं, म्हणून आहे ती." पोरीनं समजूतदारपणे मान हलवली, पण पाऊल आत टाकलं नाही. मावशीनं स्क्रूड्रायव्हर आणला आणि कडीच काढून टाकली. "झालं. आता कुणीच लावणार नाही." भाचीनं कडी आत नेऊन उशीखाली लपवली. "आईनं पण काढली होती," ती हळूच म्हणाली. "मग बाबांनी मोठी आणली." तेवढ्यात दारावरची बेल वाजली. पोरीच्या बापालाही मावशीनंच आग्रहानं जेवायला बोलावलं होतं.