शक्तीची गोळी

"मी दमते हे ह्यांना सांगू नका हं, भाऊ. आधीच कॅन्सर, त्यात माझी काळजी नको."

सुताराची बायको ओट्याला धरून उभी होती. कंडक्टरनं मान डोलावली. निवृत्त झाल्यापासून तो एका संस्थेतर्फे कॅन्सरच्या पेशंटांना सोबत करायला जाई. ह्या घरी दर बुधवारी, चारच्या ठोक्याला. संस्थेचा नियम एकच: सल्ले द्यायचे नाहीत, नुसतं बसायचं. जन्मभर उभ्यानं नोकरी केलेल्या माणसाला हा नियम फारच मानवला होता.

"शक्तीची गोळी घेतली का, वहिनी?"

"घेतली. घेतली की पाठ जरा दुखायची थांबते. दोघांच्या तपासण्या एकदमच झाल्या म्हणून माझा अशक्तपणा तरी कळला. पण ह्यांच्या नशिबी बघा काय निघालं!"

तिनं बाहीनं डोळे पुसले. बाही हातावर सैल लोंबत होती.

"सकाळी उठवत नाही हो. वाटतं, मिटावेत डोळे एकदाचे. तेवढ्यात हे पाणी मागतात, मग उठते. मी पडले तर ह्यांना कोण आहे? हे आहेत तोवर माझे पाय चालू देत. बाकी काही नको मला."

कंडक्टरनं ओट्यावरची सुपाची वाटी उचलली.

आतल्या खोलीत सुतार गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडला होता.

"या. पुढे सरका, जागा आहे," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"माझंच वाक्य मला?" कंडक्टर हसला.

बायकोनं सूप चमच्याचमच्यानं भरवलं. एक वाटी संपली, दुसरीही संपली.

"खाणं जातंय तेवढं बरं," ती म्हणाली. "अंगानं भरलेले दिसतात, पण ती सूज आहे."

"चल! सूज म्हणे," सुतार पुटपुटला. "तुझ्या हातचं बाळसं आहे ते."

ती हसली, खुर्चीत टेकली आणि बसल्याबसल्याच तिचा डोळा लागला. चमचा हातातच राहिला.

दोघं थोडा वेळ तिच्या श्वासाकडे कान लावून बसले.

मग सुतारानं पांघरूण भिरकावलं. तो ताडकन उठला, दोन ढांगांत खुर्चीपाशी गेला, तिच्या बोटांतून चमचा अलगद सोडवला आणि आपलं पांघरूण तिच्या अंगावर घातलं. मग कंडक्टरपुढे हात पसरला.

"तिचा रिपोर्ट?"

कंडक्टरनं पिशवीतून पाकीट काढून दिलं.

"वहिनींना दोन आठवडे आहेत म्हणाले डॉक्टर. फार तर तीन."

सुतारानं मूठ तोंडात कोंबली. त्याचे खांदे गदगदा हलत होते, आवाज मात्र त्यानं फुटू दिला नाही.

खुर्ची करकरली. सुतार झटकन पलंगावर आडवा झाला, भिंतीकडे वळला आणि कण्हत म्हणाला, "अगं, जरा पाणी देतेस का?"