पुडीचं वय

"हे काय आहे ते मला माहीत आहे," दादा म्हणाला. "तुझ्या यंत्राने फक्त शिक्का मारायचा."

त्याने प्रयोगशाळेतल्या बहिणीच्या टेबलावर एक कापडी पुडी ठेवली. काडेपेटीएवढी, चारही बाजूंनी बारीक टीप घातलेली. एका कोपऱ्यात त्याने कात्रीने छेद दिला होता. आत तपकिरी, सुकलेला पाला होता.

दादा बसडेपोत चालकांची तपासणी करायचा. रोज सकाळी शंभरेक माणसांना यंत्रात फुंकायला लावायचा. कोण पिऊन आलंय ते त्याला यंत्राच्या आधी कळायचं. डेपोत सगळे त्याला 'नाक' म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे.

"शिवणयंत्र दुरुस्तीला काढलं," तो सांगू लागला. "लाकडी बैठक उचलली, तर खालच्या खोबणीत हे. आईला आता सुईचं नेढं दिसत नाही, दोन वर्षांत तिने मशिनीला हात लावलेला नाही. बसते ती आपली पोरगीच. आणि ही टीप बघ. घरात दुसरं कोण घालतं अशी?"

"तिला विचारलंस?"

"'माझं नाही' म्हणाली. चोर कधी हो म्हणतो का?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. "सोमवारी वसतिगृहात जायचंय तिला. तू शिक्का मार, मी प्रवेश रद्द करतो. राहू दे माझ्या डोळ्यांसमोर. आणि आईला यातलं काही कळता कामा नये."

भाचीला वस्त्रकलेच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला होता. चारशे मुलांमधून बाराजणांना मिळतो. ती बातमी सांगायला तिने आत्यालाच पहिला फोन केला होता.

आत्याने पुडी उचलली. भाचीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. मोजण्याआधी ठरवायची तिला सवय नव्हती.

त्यांच्या प्रयोगशाळेला गांजाच्या झाडाचे नमुने तपासायचा परवाना होता. तरी साहेबांची सही लागायची.

"नमुना कुठला?" साहेबांनी विचारलं.

"घरचा."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण 'बाहेरचा' लिहू," ते म्हणाले आणि सही केली.

या झाडातले दोन घटक लोकांना ठाऊक असतात. एक नशा आणणारा, दुसरा औषधी तेलाच्या बाटलीवर छापलेला. ती चार वर्षं तिसऱ्याच्याच मागे होती. त्याचं नाव कॅनाबिनॉल. नातेवाईक विचारायचे, "याने नशा येते का गं?" ती म्हणायची, "नाही म्हणण्याइतकी कमी." "मग उपयोग काय त्याचा?" "शोधतोय अजून." मग विषय हवापाण्यावर जायचा.

तिने चिमूटभर पाला द्रावणात भिजवला, गाळला, यंत्रात घातला. वीस मिनिटांनी पडद्यावर आलेख उमटला. नशेच्या घटकाचा सुळका जिथे उंच उभा राहायला हवा, तिथे एक बुटका उंचवटा होता. त्याच्या शेजारी मात्र तिचा कॅनाबिनॉल पडद्याच्या वरच्या कडेला टेकला होता.

नमुन्यात काही मिसळलं असेल म्हणून तिने पुन्हा केलं. नव्या कुपीत, तिसऱ्यांदाही. आलेख हलला नाही.

मग ती खुर्चीत मागे टेकली आणि एकटीच हसली. ताज्या झाडात कॅनाबिनॉल जवळपास नसतो. तो झाड बनवत नाही, काळ बनवतो. नशेचा घटक हवेने वर्षानुवर्षं विरत जातो आणि मागे हा उरतो. तिने हिशेब मांडला. जिथे शंका आली तिथे तिने ती दादाच्या बाजूने धरली, तरी आकडा एका मर्यादेखाली उतरेना.

संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. भाची इस्त्री करत होती. आई आत भाजी निवडत होती.

"गांजाच आहे," तिने कागद टेबलावर ठेवत हळू आवाजात सांगितलं.

भाचीचा हात थांबला. "बघ," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता.

"पुढचं वाच. पंचवीस वर्षांपेक्षा कमी जुना नाही. पोरगी एकोणीसची. जन्माआधी सहा वर्षं तिने हे शिवलं असेल, तर तिला कॉलेजात कशाला, आमच्याकडेच पाठव. तपासून बघू."

दादाने कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. यंत्राशी त्याने आयुष्यात कधी वाद घातला नव्हता.

"इस्त्री उचल, कापड करपेल," तो मुलीला म्हणाला. मग म्हणाला, "सोमवारी मी येतो सोडायला. सामान जड आहे."

"या," ती म्हणाली. तिने नाक पुसलं. "पण गाडीत चालकाला फुंकायला लावायचं नाही, बाबा."

तो हसला, मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण मग ही पुडी कुणाची?"

"कसली पुडी?" आई दारात उभी होती.

आता लपवून उपयोग नव्हता. आत्याने पुडी तिच्या हातात दिली. आईने ती पाहिली नाही, नुसता टिपेवरून अंगठा फिरवला.

"अगं बाई, ही आहे होय अजून."

दादा उभाच राहिला. "आई, तुझी?"

"माझी कशाला असेल? तुझीच की. कॉलेजात होतास तू. निळी पँट दुरुस्तीला टाकली होतीस, तिच्या खिशात सापडली. केरात टाकली तर मांजर खाईल म्हणून शिवून ठेवली, आणि राहूनच गेली."

भाचीने मान इतकी खाली घातली की तिचे फक्त हलणारे खांदे दिसत होते. दादाचे कान लाल झाले होते.

"मला कधी विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तू माझ्याशी खोटं बोलला असतास," आई म्हणाली. "म्हणून खिशाचं तोंड तेवढं शिवून दिलं."