चाळीस चपलांची लाइन

"कोनी खरं मानत नाही, तू बी मानत नाहीस," पुंडलिकराव म्हणाले, "पन माह्या वैऱ्याले, त्या मारोतीले, म्या पाच घंटे उन्हात तापवला. कोरोनात. एकट्यानं!"

प्रेरणा त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. अमरावतीला ती संख्याशास्त्र शिकत होती. कोरोनात पेशंटांना रांगेत किती थांबावं लागलं, हा तिचा प्रकल्प. नेरच्या एका डॉक्टरांनी जुन्या रजिस्टरचे फोटो काढू दिले होते, आणि त्यातली माणसं शोधत ती आपल्याच गावात येऊन पोचली होती.

"आधी त्याचं पाप लिही. माह्यी घरवाली मैनाबाई दवाखान्याच्या लायनीत बसलेली, अन् यानं आपले चार मानसं मागच्या दारानं आत घातले. डाक्टर घंट्याले आठ पेशंट पाहे. सांग, माह्या बाईचे किती मिनिटं चोरले त्यानं?"

"अर्धा घंटा, बापूजी."

"अर्धाच?" म्हातारा उसळला. "नीट मोज! चौथ्या दिवशी गेली बाई."

तिने पुन्हा मोजलं नाही.

"मंग पंधरा दिवसानं तोच मारोती आला. धापा टाकत. मले बी ताप होता, म्या बी लायनीत. उन्हात कोन उभं राह्यते? जो तो चप्पल ठेवून लिंबाखाली बसे. चप्पल म्हंजे नंबर. म्या झुंजुरकाच, अंधारातच, गावातून पोतं भरून चपला नेल्या. चाळीस! साऱ्या मारोतीच्या पुढं मांडल्या. मांगून जो पेशंट आला, त्याले एक चप्पल दाखवली, म्हटलं बस, हा तुहा नंबर. मारोती हात जोडे. म्या म्हटलं, लायनीत ये राजा, लायनीत!"

"मागच्या वर्षी पंचवीसच होत्या, मामाजी," सून नंदाबाई आतून म्हणाली.

"तू तुह्यी भाजी पाह्य!"

प्रेरणाने चाळीसला आठाने भागलं. पाच तास. हिशेब चोख बसत होता. आता मारोती आत गेल्याची वेळ तेवढी हवी होती, म्हणून तिने रजिस्टरचं त्या दिवशीचं पान मोठं केलं. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. मग ते पानाच्या तळापर्यंत गेलं.

"लिहिलं का?" म्हातारा पुढे सरकला. "लिही, पुंडलिकरावानं बदला घेतला. पाच घंटे! एक मिनिट कमी लिहू नको."

"बापूजी, खोटं बोलून राह्यले तुम्ही!"

आवाज एवढा चढला, की नंदाबाई हातातला चमचा घेऊनच बाहेर आली.

"नववा नंबर तुमचा होता. तुमचं नाव खोडून तिथं मारोतीकाकाचं लिहिलं हाये, अन् बाजूले तुमची सही. तुम्ही त्या दिवशी सगळ्यात शेवटी आत गेलते."