थंडा घेतीस का ताक?

सर्जेराव थंड्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन दारात उभे राहिले आणि पुष्पाबाई लगबगीनं पुढं आली.

"हे कशाला आणलं हो भाऊजी? मी ताक केलंय ना पातेलंभर."

"ताक?" सर्जेराव हसले. "वहिनी, जालन्याचे पाहुणे पोरगी बघायला येऊन राह्यले, म्हशी बघायला न्हाई. बदनापुरात साधा थंडा मिळत न्हाई का म्हणतील!"

आता या भल्या माणसाला काय सांगायचं? नवऱ्याचे दोस्त ते, स्थळ त्यांनीच आणलं होतं. पण लेकीला, प्रांजलीला, आठवीत असल्यापासून शुगर आहे, रोज पोटात सुई टोचून घ्यावी लागते, हे त्यांना कुठं ठाऊक होतं? आधीची दोन स्थळं याच पायी मोडली होती. दुसऱ्या वेळी तर पोरगी पेढ्याला नको म्हणाली, तेवढंच निमित्त झालं. मुलाच्या आत्यानं गोड बोलून सगळं काढून घेतलं आणि जाताना अंगणात ऐकू येईल असं म्हणाली, "नासकं फळ गळ्यात मारत होते." ते बोलणं पुष्पाबाईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

म्हणून या वेळी घरात गोडाचा कणही ठेवायचा नाही, असं तिनं ठरवलं. भजी, पोहे आणि वर जिरं लावलेलं ताक. पोरीवर नको म्हणायची पाळीच येणार नाही. इंजेक्शनाचा डबा सकाळीच शेजारच्या दैवशालाच्या फ्रीजमध्ये ठेवून आली होती, म्हशीचं औषध आहे म्हणून.

"सांगून टाक ना आई," प्रांजली सकाळपासून मागं लागली होती. "कवा तरी कळणारच हाय."

"मंग लग्नानंतर कळू दे. तोंडातून शब्द काढलास तर माझी आण हाय तुला."

राधेश्याम, पोरीचा बाप, मधे पडला नाही. तो कशातच पडत नसे.

पाहुणे आले. मुलगा राजानंद आणि त्याची आई दुर्गाबाई. मुलगा एमआयडीसीत बियाणाच्या कंपनीत हिशेब बघायचा. अंगानं काटक, बोलायला मऊ. प्रांजली ट्रे घेऊन आली तेव्हा तिच्याआधी तोच लाजला. पुष्पाबाईचा जीव त्याच्यावर बसला. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, देवा, एवढं एक जुळू दे.

ट्रेमध्ये थंड्याचे ग्लास होते आणि ताकाचेही. दुर्गाबाईंनी ताक उचललं. आईचं बघून मुलानंही ताकच घेतलं.

"अहो, थंडा घ्या की!" सर्जेराव म्हणाले.

"नको, उन्हाचं ताकच बरं," दुर्गाबाई म्हणाल्या.

भिडस्त माणसं दिसतात, पुष्पाबाईला वाटलं.

दुर्गाबाईंनी प्रांजलीला जवळ बसवून घेतलं. पाठीवरून हात फिरवला. "आन् तू काय घेतीस बाई? थंडा का ताक?"

विचारलं साध्याच आवाजात. पण चोराच्या मनात चांदणं! त्या आत्यानंही असंच पाठीवरून हात फिरवत विचारलं होतं.

प्रांजलीचा हात ताकाकडं गेला.

"अगं, ताक काय घेतीस!" पुष्पाबाई जवळजवळ ओरडलीच. मग हसली. "लाजून राह्यली बघा. थंडा म्हणजे जीव की प्राण तिचा. दिवसातून दोनदा लागतो, बिलकुल ऐकत न्हाई."

आणि तिनं स्वतःच्या हातानं ग्लास पोरीच्या हातात दिला.

प्रांजलीनं एकदा आईकडं पाहिलं. मग पिऊ लागली. पुष्पाबाई प्रत्येक घोट मोजल्यासारखी बघत होती. पोटच्या पोरीला आपण विष पाजतोय आणि वर हसतोय, असं तिला झालं. बस कर, असं म्हणताही येईना.

"वा!" सर्जेराव खूश झाले. "अजून घे पोरी, लाजू नको." त्यांनी ग्लास पुन्हा भरला.

प्रांजली तोही प्यायली. दुर्गाबाई एकटक बघत होत्या.

"लईच आवडतो वाटतं."

"तर हो!" पुष्पाबाई म्हणाली.

राजानंदनं मान खाली घातली. निघताना पुष्पाबाईनं दुर्गाबाईंना कुंकू लावलं. कळवतो, असं म्हणून पाहुणे गेले, आणि प्रांजली मागच्या दारानं दैवशालाच्या घराकडं धावली.

इंजेक्शन घेऊन आली ती आडवीच झाली. डोकं ठणकत होतं, घसा कोरडा पडत होता. तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती.

"पाय दाबू का गं?" पुष्पाबाईनं विचारलं.

"नको."

पोरीनं कूस बदलली. पुष्पाबाई तशीच बसून राहिली. एक दिवसाचं दुखणं, उद्या उतरेल. पण कुणाला संशय आला नाही. पोरीचं घर उभं राहील. याच एका गोष्टीवर तिनं मन घट्ट केलं.

दिवेलागणीला सर्जेरावांचा फोन आला.

"न्हाई म्हणले, वहिनी."

"कळलं का त्यांना?" पुष्पाबाईच्या तोंडून निसटलं.

"काय कळायचं? पोरगी लाखात एक म्हणल्या. राजानंदच्या तर मनातच भरल्ती. पण दिवसातून दोनदा थंडा पिणारी सून नको म्हणल्या दुर्गाबाई. तिच्या हाताखाली माझ्या लेकराचं पथ्य कसं सांभाळायचं, म्हणल्या."

"कसलं पथ्य?"

सर्जेरावांचा आवाज खाली आला. "मला बी आत्ताच सांगितलं त्यांनी. कुणाला बोलू नका. पोराला शुगर हाय, वहिनी. लहानपणापासून."